पोळ्यापर्यंतची वॉरंटी

पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं, त्या दुपारी प्रफुल दिव्यानीच्या दुकानात शिरला. अंगावरचा एक धागा कोरडा नव्हता. कोरडं होतं ते फक्त आधार कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

"एक झेरॉक्स द्या जी मॅडम. लॉजवाला म्हणते, झेरॉक्स नाई तं खोली नाई."

भामरागडात तहसील कार्यालयासमोर घराचीच पुढची एक खोली, खोलीत एक टेबल आणि टेबलावर मशीन, एवढंच दिव्यानीचं दुकान. झेरॉक्स, प्रिंट, पासपोर्ट फोटो, सगळं त्या एका मशीनवर. तिनं आणि तिच्या आईनं, गुणाबाईनं, उन्हातान्हात तेंदूपत्ता तोडून ती घेतली होती, मागच्या पोळ्याला, आलापल्लीच्या दुकानातून. नागपूरची आत्या तेव्हापासून मागे लागली होती, की जंगलात काय दुकान चालणार, पोरीला माझ्याकडे पाठवा, मॉलमध्ये चिकटवून देते. गुणाबाईनं मधला मार्ग काढला होता. दुकान चाललं तर दिव्यानी इथं, बंद पडलं तर नागपूर. दिव्यानीला नागपूरला जायचं नव्हतं. नदी दिसत नाही अशा गावात माणसं सकाळी उठून पाहतात तरी काय, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

तिनं कार्ड ठेवलं, बटण दाबलं. मशीन घरघरली, कागद अर्धा बाहेर आला आणि... सगळे दिवे गेले. मशीनचे. दुकानातला बल्ब तर चालू होता.

दिव्यानीनं कागद हळूच ओढून काढला. त्यावर दाट केस, कपाळ आणि दोन डोळे उमटले होते. नाकाखाली सगळं कोरं.

"अर्धाच आलो," तो कागदाकडे पाहत म्हणाला.

"भाऊ, तुमाले पाहूनच बंद पडली वाट्टे!"

"भाऊ काऊन म्हणता जी? मॅडम म्हटलं ना मी तुमाले." तो हसला. "मी प्रफुल. आलापल्लीले हरिदासभाऊच्या दुकानात मशिनी दुरुस्त करतो. इथी हॉटेलातला फ्रीज पाह्याले आलो आन् अडकलो."

"म्हणजे ही तुमच्याच दुकानातली! मंग पाहा आता. सोडत नाई मी तुमाले."

"सोडा म्हटलं तरी जाऊ कुठी? पूल बुडाला," तो म्हणाला, आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून बसलासुद्धा.

कपाळावरचं पाणी मशीनमध्ये पडू नये म्हणून तो सारखा मान वाकडी करत होता. शेवटी दिव्यानीनं टॉवेल पुढे केला. त्यानं आधी हात पुसले, मग मशीन, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं तोंड. हे तिनं पाहून ठेवलं.

"करंट बरोबर आहे, वायर बरोबर आहे," तो म्हणाला. "आतला बोर्ड गेला. तुमच्या हातानं नाई झालं हे. कंपनीतूनच कच्चा आला होता. वॉरंटी आहे ना?"

"आहे ना. पोळ्याले घेतली, म्हणजे पोळ्यापर्यंत."

"मंग काऊन घाबरता? पोळ्याले टाइम आहे अजून. मले सांगतलं म्हणजे दुकानाले सांगतलं. रस्ता खुला झाला का घेऊन या."

लॉजवाल्यानं शेवटी कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून खोली दिली. संध्याकाळी वीज गेली, टॉवर मुका झाला आणि भामरागडाचं बेट झालं. गावाला त्याचं नवल नव्हतं. दर पावसाळ्यात होतंच ते. लोक डाळ-तांदूळ भरून ठेवतात आणि पाणी कुठवर आलं ते पाहायला सकाळ-संध्याकाळ नदीवर जातात. प्रफुलही जायचा, पण परतताना त्याची वाट न चुकता दिव्यानीच्या दुकानावरून जायची.

"करंट नाई, मंग मशीनमध्ये काय पाहता रोज?" तिनं एकदा विचारलंच.

"मशीन थोडीच..." तो अडखळला. "पाऊस पाहतो. तुमच्या दुकानातून चांगला दिसते."

"लॉजच्या खिडकीतून नाई दिसत?"

"तिथून नुसता पाऊसच दिसते."

दिव्यानीनं घाईघाईनं कोऱ्या कागदांचा गठ्ठा नीट लावायला घेतला. तो आधीच नीट होता. आत चहा गाळणाऱ्या गुणाबाईनं न सांगता दोन कप भरले, आणि तिसरा, स्वतःचा, घेऊन ती मागच्या दारी जाऊन बसली. नागपूरच्या आत्याची गोष्टही तिनं त्याला सांगून टाकली. कधी 'तुमी'चं 'तू' झालं, ते दोघांनाही कळलं नाही. पाणी उतरूच नये असं दिव्यानीला वाटायला लागलं, आणि असं वाटल्याबद्दल तिनं स्वतःलाच दटावलं. लोकांच्या घरात पाणी शिरलंय, हिला काय सुचतंय!

पाणी उतरलं. प्रफुल गेला. मागोमाग पहिल्या एसटीनं दिव्यानी मशीन मांडीवर घेऊन आलापल्लीला पोचली.

दुकानमालक हरिदासभाऊ म्हणजे प्रफुलचे मामा. आईबाप गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं होतं. त्यांनी बिल पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, वॉरंटी सरली. मागच्याच आठवड्यात."

"अशी कशी सरली? पोळा तं अजून झाला नाई!"

"यंदा अधिक महिना आला ना बाई. पोळा लांबला. कंपनी पोळा नाई पाहत, तारीख पाहते."

बिल तिनं देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं होतं, पण त्यावरची तारीख कधी पाहिलीच नव्हती. पोळा ते पोळा वर्ष, हा हिशेब तिच्या घरात कोणाचाच कधी चुकला नव्हता.

"पण मशीन तं तारखेच्या आधीच बंद पडली. मी सांगतलं होतं... तुमच्या माणसाले." तिनं मागे पाहिलं. प्रफुल स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभा होता. त्यानं एकदा मामांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मान खाली घातली.

बोर्ड स्वखर्चानं बदलायचा तर तेवढ्या पैशात जवळजवळ नवी मशीनच आली असती. ती मशीन उचलून परत निघाली. सगळ्या वाटेत तिला मशीनचं एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं त्या खाली घातलेल्या मानेचं वाटलं. रात्री त्याचा फोन आला. तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आत्याचा मात्र उचलावा लागला. "बॅग भर," आत्या म्हणाली.

बॅग भरायच्या आधी दिव्यानीनं एक केलं. लोकांचे अर्ज छापता छापता एका पत्रकावर तिनं ग्राहक हेल्पलाइनचा नंबर वाचला होता, १९१५. नेटवर्कसाठी ती शाळेमागच्या टेकाडावर चढली आणि सगळं सांगितलं, अधिक महिन्यासकट. पलीकडची बाई हसली नाही. ती म्हणाली, बिघाड मुदतीत झाला आणि तुम्ही विक्रेत्याच्या माणसाला तेव्हाच कळवलं, तर नंतर तारीख उलटली म्हणून हक्क जात नाही. शिवाय वस्तूत मुळातच दोष असेल, तर वॉरंटी संपल्यावरही दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

तिनं लेखी तक्रार धाडली, आणि उत्तर येईपर्यंत बॅग रिकामीच ठेवली. दसऱ्याच्या सुमारास कंपनीचे साहेब आलापल्लीच्या दुकानात आले, आणि ती पुन्हा मशीन मांडीवर घेऊन गेली.

साहेब वाईट नव्हते, पण त्यांचं काम 'नाही' म्हणायचं होतं. "तोंडी कळवलं म्हणता. पुरावा काय?"

"नाई ऐकलं तं गडचिरोलीले आयोगात जातो मी," दिव्यानी म्हणाली.

"तिथंही साक्षीदार विचारतील."

"मी आहो ना साक्षीदार."

प्रफुल पुढे आला होता. हरिदासभाऊंनी चष्मा चढवला.

"पूल बुडाला त्या दुपारी बंद पडली मशीन. माझ्याच समोर. माझ्याच आधार कार्डावर," तो म्हणाला. "मीच खोलून पाह्यली. बोर्ड कच्चा होता. आन् पोळ्याले टाइम आहे, असं मीच म्हटलं होतं. चूक माझी आहे."

"पूल बुडाल्याची तारीख तहसीलमध्ये मिळेल," साहेब म्हणाले. "पण मशीन त्याच दिवशी बंद पडली, हे एवढं पक्कं कसं आठवतं?"

"कसं म्हणजे?" प्रफुल गोंधळला. "हिनं हिरवा ड्रेस घातला होता. एका कानात डूल होतं, दुसऱ्यात नव्हतं. बोटाले शाई होती, तीच गालाले लागली होती, आन् तिले माहीत नव्हतं. मले म्हणे, तुमाले पाहूनच बंद पडली..."

"मी मशीनचं विचारतोय."

"मशीनचंच सांगून राह्यलो जी!"

दिव्यानीनं नकळत गालाला हात लावला. शाई लागली होती? आणि हा दिवसभर तसाच पाहत बसला होता?

"लेका, मंग तवाच काऊन नाई बोलला?" हरिदासभाऊंनी विचारलं.

"तुमच्या समोर बोलाची कधी हिंमतच नाई झाली, मामा," प्रफुल म्हणाला. "आज नाई बोललो असतो तं ही नागपूरले गेली असती."

हरिदासभाऊंनी बिलावरची तारीख पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी ते साहेबांसमोर सरकवलं. "लिवून घ्या साहेब. आमच्या पोराले सांगतलं म्हणजे दुकानाले सांगतलं."

साहेबांनी लिहून घेतलं. लिहिताना ते हसत होते, पण लिहिलं सगळं बरोबर.

दिवाळीच्या आधी नवा बोर्ड बसवलेली मशीन घेऊन प्रफुल स्वतः भामरागडला आला. नदी आता गुमान पुलाखालून वाहत होती. त्यानं मशीन टेबलावर ठेवली, जोडली, आणि दिवे लागले. दिव्यानी दारातच उभी होती, हाताची घडी घालून.

"इतके दिवस मान खाली घालून होता ना? राग गेला नाई माझा अजून."

"माहीत आहे. म्हणूनच टॉवेल नाई मागतला," तो घाम पुसत म्हणाला. मग त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. "एक झेरॉक्स राह्यला होता. अर्धाच आलो होतो."

तिनं ड्रॉवर उघडला. आत तो अर्धा कागद होता, केस, कपाळ, डोळे. त्यानं तो पाहिला आणि पिशवीतलं कार्ड तिच्यापुढे धरलं.

दिव्यानीनं आधार कार्ड मशीनवर ठेवलं. "पूर्ण झेरॉक्स कशाले पाह्यजे पण? लॉज तं नाई आता."

"लग्नाच्या नोंदणीले लागते म्हणे..." तो हळूच म्हणाला. "पण एकट्याचा नाई चालत."

आत गुणाबाईनं चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

दिव्यानीनं पर्समधून स्वतःचं आधार कार्ड काढलं, त्याच्या कार्डाशेजारी नीट सरळ ठेवलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. मशीन घरघरली. दोघंही श्वास धरून पाहत राहिले... आणि कागद पूर्ण बाहेर आला.