गाडी गेली का?

लाईट बाराला येणार म्हणता? मंग बसा इथंच पाण्याच्या मोटारीजवळ. शेकोटी जरा इकडं सारा. भारत, मोबाईलवरचं गाणं बंद कर बरं. सांगतो ती गोष्ट माझ्या साडूची हाय, राधेश्यामची. त्याच्याच तोंडून ऐकल्ती. गाव जाफराबादच्या अलीकडं. नाव न्हाई घेत.

दोन हजार चोवीसची कार्तिक अमावास्या. शनिवार. मी त्याच्याकडंच मुक्कामाला गेल्तो. गावच्या गायरानात खडी क्रशर येणार होतं आणि रविवारी त्याच्यावर ग्रामसभा. राधेश्याम पंचायतीचा मेंबर, क्रशरच्या बाजूचा. रस्ता रुंद होईल, पोरांना काम लागेल, असं त्याचं म्हणणं. सभेचा माईक दुरुस्तीला टाकला होता. जेवण झाल्यावर तो आणायला मोटरसायकलवर जाफराबादला गेला.

माईक दुरुस्त करणारा गयासोद्दीन, भला माणूस. माईक हातात देताना म्हणाला, "राधेश्यामभाऊ, एक बोलू का? तुमचा रस्ता एका बैलगाडीचा. त्याच्यावरून दिवसभर खडीच्या हायवा, ते मोठाले ट्रक, पळणार. शाळा बराबर वळणावर. लेकरं जाणार कुठून?"

"गतिरोधक टाकतील की," राधेश्याम हसला. "खर्चा कंपनीचा."

"ड्रायव्हरला खेपेवर पैसे, भाऊ. तो थांबतो का कुठं? बरं, निघा जल्दी. थंडी वाढून राह्यली."

तो निघाला. फाट्यावरून आत वळला. दोन्हीकडं कपाशी, वर चांदण्या. चिटपाखरू न्हाई.

मागून हॉर्न वाजला. भरल्या गाडीचा, जड. आरशात दोन दिवे दिसले. एवढ्या रात्री गावात हायवा कशाला आली, असं मनात म्हणत त्यानं गाडी कडेला घेतली. एक पाय रस्त्याकडंच्या चारीत टेकवला. दिवे मोठे झाले. खालची जमीन हादरायला लागली. वारा अंगावरून गेला... डोळ्यांत धूळ गेली...

गाडी न्हाई.

मागं अंधार. पुढं अंधार. चाकांचा आवाज तेवढा लांब लांब जात गेला.

त्यानं मोटरसायकल दामटली. वळणावर शाळा. बराबर तिथंच गाडी बंद पडली. किक मारतो, मारतो... न्हाई.

"काका, गाडी गेली का?"

शाळेच्या फाटकाशी पोरगी उभी. सहा-सात वर्षांची. निळा फ्रॉक, दोन वेण्या. दप्तर छातीशी धरलेलं.

"एवढ्या रात्री इथं काय करून राह्यली गं? कोणाची तू?"

"राधेश्यामची."

पोरांनो, त्या गावात राधेश्याम एकच. आणि त्याला लेकरू न्हव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाल्ती. माझ्या मेहुणीला, संध्याला, तेव्हा कुठं पाचवा महिना लागला होता.

त्यानं किकवरचा पाय काढला.

"गाडी गेली का? जाऊ का मी?"

त्यानं दोन्हीकडं बघितलं. रस्ता मोकळा. बिलकुल मोकळा. आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं...

"जा."

ती निघाली.

हॉर्न.

एकदाच. अगदी कानाशी.

मंग... काहीच न्हाई. रातकिडेसुद्धा न्हाई.

गाडी ढकलत घरी आला तेव्हा दार मीच उघडलं. संध्यानं विचारलं, काय झालं? तो तिच्या पोटाकडं बघत रात्रभर बसून राह्यला. पहाटं मला अंगणात नेऊन सगळं सांगितलं.

सभा भरली. कंपनीचा माणूस चित्रं दाखवून राह्यला होता. राधेश्याम उठला. माईक घेतला. "माझा विरोध हाय," म्हणाला.

गावातली म्हातारी दुर्गाबाई पुढंच बसल्ती. तिनं विचारलं, "काल तर हो म्हणत होतास की रे?"

"काल मला लेकरू न्हव्हतं, मावशे."

लोक हसले. मी न्हाई हसलो.

ठराव क्रशरच्या विरोधात गेला. चैत्रात त्याला पोरगी झाली. आता भिंत धरून उभी राहती. पण क्रशर टळलं न्हाई, पोरांनो. कंपनीचा वर अर्ज गेलाय. मागल्या महिन्यात जीप येऊन गायरानात मोजणीच्या खुंट्या ठोकून गेली. त्या दिवसापासून राधेश्याम पुन्हा झोपत न्हाई.

तुम्ही म्हणाल, अमावास्येची रात्र, थकला माणूस, भास झाला असंल. मीबी तेच म्हणलो असतो. पण त्या सकाळी सभेच्या आधी मी एकटाच शाळेपाशी जाऊन आल्तो. गाव उठलं न्हव्हतं. वळणावर रस्ताभर खडीची भुकटी पडल्ती. पिठासारखी. निळसर. बोटभर जाड. त्या भागात कुठंच क्रशर न्हाई. भुकटीत चाकाचा माग एक न्हाई.

पावलं होती. अनवाणी... एवढुशी. फाटकापासून निघालेली.

रस्त्याच्या मध्यापर्यंतच.