बेसिनवरचा हात

डॉक्टरांना आईच्या वजनाची वही हवी होती, म्हणून बाबांनी मला हॉस्पिटलमधून घरी पाठवलं. सकाळचे सहा वाजत आले होते. खालच्या मजल्यावरच्या आंटींनी धुक्यातून हळूहळू गाडी चालवत मला एयरोसिटीतल्या आमच्या घरी आणलं. "जल्दी आना, पुत्तर," म्हणत त्या गाडीतच थांबल्या.

आईच्या हृदयाची झडप बरीच वर्षं गळत होती. अंगात पाणी साठलं की वजन वाढायचं. दोन किलो वाढले तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज सकाळी सहाला ती बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभी राहायची आणि मी दाराबाहेर वही घेऊन.

"लिही गं, अठ्ठावन्न चार."

त्याच्या आदल्या आठवड्यात एकदा दार अर्धवट उघडं राहिलं. अंगाचा भार टाकून तिचा एक हात बेसिनवर रेटलेला दिसला. आरशात आमची नजरानजर झाली.

"तुझी प्रीबोर्ड परीक्षा होऊ दे," ती हळूच म्हणाली. "मग होते ना अ‍ॅडमिट. बाबांना सांगू नकोस हं."

मी अठ्ठावन्न चार लिहिलं. पुढचे सहा दिवसही तेच.

घरात डेटॉलचा आणि ओल्या टॉवेलचा वास कोंडला होता. वही बेसिनजवळच्या फळीवर होती. ती उचलताना पायाशी निळा उजेड पडला. काटा सुरू झाला होता. त्यावर कुणीच नव्हतं.

त्रेसष्ट एक.

मग आकडा उतरू लागला. बासष्ट... साठ... अठ्ठावन्न चारवर थांबला. बेसिनच्या कोरड्या कडेवर चार बोटांचे ओले ठसे उमटले.

"आई... हात काढ ना गं..."

ठसे विरले. आकडा पुन्हा त्रेसष्ट एकवर गेला.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"स्वराली... वही राहू दे आता."

याला दोन महिने झाले. बाबा त्या बाथरूममध्ये जात नाहीत. सकाळी सहाला दाराखालून निळा उजेड येतो. मी दार उघडते आणि दिसेल तोच आकडा वहीत लिहिते.

काल चौऱ्याहत्तर होता. आज शहात्तर.

दोन किलो वाढले की लगेच कळवायचं असतं. कुणाला कळवू?