झोपलेला कागद

“मी डबल बेल देईपर्यंत कुणी हलायचं नाही!” ठिणगीनं दम भरला.

“आणि मी उन्हानं खरोखरच चक्कर येऊन पडलो तर?” गोगलगाय कुरकुरला. हा तिचा धाकटा भाऊ. शाळेला सुट्टी असली तरी आळसाला सुट्टी नाही, म्हणून हे नाव.

“मग नाटक करायची मेहनत वाचेल!” त्यांचा मित्र ढापण्या म्हणाला आणि घामानं घसरलेला चष्मा त्यानं वर ढकलला.

तिघं गच्चीवरच्या टाकीमागे दबा धरून बसले होते. समोर केंद्राचं यंत्र घुंई घुंई करत हवा ओढत होतं. या इमारतीत खाली हवा तपासणी केंद्र आणि वर बिऱ्हाडं. यंत्रातला गोल कागद हवेतली धूळ धरून ठेवायचा, आणि त्या धुळीत किरणोत्सर्ग किती आहे ते खाली मोजायचे. एरवी तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. पण या उष्णतेच्या लाटेत आकडा भराभर चढला, केंद्राचे साहेब घाबरले आणि भोंग्यावरून हुकूम सुटला, ‘हवेत विष आहे! दारं-खिडक्या बंद! फटींना चिकटपट्टी लावा!’

अशा उन्हात खिडक्या बंद! ठिणगीच्या घराची भट्टी झाली होती. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता आणि त्याच्याखाली आजोबा लोखंडी खाटेवर पडून होते. त्यांनी जन्मभर बस चालवली, त्यामुळे खिडकीशिवाय त्यांना करमतच नसे. ठिणगी खाटेच्या दांड्यावर टिंग टिंग वाजवायची, की ते ओठांनी ‘भुर्रर्र’ करून बस सोडायचे. काल तिनं बेल दिली तेव्हा बस सुटली, पण अगदी हळू. “कंडक्टर,” ते पुटपुटले, “खिडकी उघड गं जरा.” आईनं डोळे पुसले, पण पट्टीला हात लावायची तिची छाती झाली नाही. तेव्हापासून ठिणगीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती खिडकी उघडायची!

गडबड पकडली होती ढापण्यानं. कूलरचं थंड पाणी प्यायचं निमित्त करून तो केंद्रात गेला होता.

“झोपायचा ट्रे रिकामा आहे!” तो धावतच सांगत आला.

गेल्या सुट्टीत आधीच्या मॅडमनी त्यांना तो ट्रे दाखवला होता. “काढलेला कागद लगेच मोजायचा नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “त्याला काही दिवस झोपू द्यायचं. जमीन सतत थोडा किरणोत्सर्गी वायू सोडत असते. त्याचे कण कागदावर बसतात आणि लवकर विरून जातात. ते विरल्यावर जे उरेल, ते खरं शोधायचं.” मॅडमची बदली झाली. नवे साहेब आले ते पाणी तपासणीतून. पाण्याचा नमुना शिळा झाला की वाया जातो, म्हणून तिथे सगळं ताजं ताजं मोजायचं! साहेबांनी तीच सवय इथे आणली होती.

जिन्यावर पावलं वाजली. साहेब वर आले, त्यांनी कागद काढून डबीत ठेवला आणि ते वळले. टिंग टिंग! ठिणगीनं नळावर बेल दिली. गोगलगाय साहेबांच्या पायाशी असा काही कोसळला, की साहेब डबी कठड्यावर ठेवून ‘पाणी! पाणी!’ ओरडू लागले. तेवढ्यात ढापण्यानं डबीतला कागद बदलला. केराच्या टोपलीतून उचललेला कालचा कागद आत आणि आजचा ढापण्याच्या डब्यात!

खाली केंद्रात आजचा आकडा ऐकायला अख्खी इमारत जमली होती. साहेबांनी कागद मोजायला ठेवला. काटा जेमतेम हलला.

“यंत्र बिघडलं!” साहेबांचा चेहरा पडला.

“यंत्र ठणठणीत आहे!” ठिणगी पुढे झाली. “हा कालचा कागद आहे, साहेब! काल ज्याला तुम्ही विष म्हणालात ना, तोच!”

ढापण्यानं आजचा कागद काढून दिला. तो ठेवताच काटा झपकन चढला.

“एरवी वारा जमिनीतला वायू उडवून नेतो,” ढापण्या घाईघाईनं सांगू लागला. “या लाटेत वरची हवा खाली दाबत येते आणि पातेल्यावरच्या झाकणासारखी बसते. समुद्राकडची हवा येत नाही, वारा पडलेला आहे. मग वायू इथेच साचतो. म्हणून आकडा वाढला! आता हाही कागद झोपू द्या आणि बघा.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. त्यांना सगळं पटलं होतं. ठिणगी जिन्याकडे पळाली.

“थांब!” साहेब ओरडले. “आकडा उतरलेला पाहिल्याशिवाय हुकूम मागे घेता येणार नाही. आता मला घाई करायची नाही.”

“पण आजोबा...! एकच खिडकी, साहेब!”

“अर्धा तास, पोरी. फक्त अर्धा तास.”

जन्मात पहिल्यांदा साहेबांनी कागदाला झोपू दिलं. सगळे काट्याकडे टक लावून बसले. ठिणगी रडली, भांडली, पण जिन्याच्या दारात मोठी माणसं वाट अडवून उभी होती. काटा सावकाश, अगदी सावकाश निम्म्यावर आला. भोंगा वाजला, ‘खिडक्या उघडा! हवेत विष नाही!’

ठिणगी तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर गेली. तिनं पट्टी ओरबाडून काढली आणि खिडकी सताड उघडली. बाहेरचं पानही हलत नव्हतं. शेजारचे डॉक्टर खाटेपाशी बसले होते. त्यांनी आजोबांचा हात हळूच चादरीवर ठेवला आणि आईकडे पाहून मान हलवली.

“उकाडा सोसला नाही,” ते म्हणाले. “आत्ताच गेले.”

संध्याकाळी साहेब आले. “चूक माझी होती,” ते म्हणाले. “या मुलांनी सगळ्या वस्तीला वाचवलं. शाब्बास!” दारातल्या मोठ्या माणसांनीही माना डोलावल्या. कुणी ढापण्याची पाठ थोपटली, कुणी गोगलगायीला जवळ घेतलं. सकाळी जिन्याच्या दारात उभी होती, तीच ही माणसं.

ठिणगीनं कुणाकडेच पाहिलं नाही. ती खाटेशी बसली आणि तिनं दांड्यावर टिंग टिंग वाजवलं. मग थोडं थांबून पुन्हा वाजवलं.

बस सुटली नाही.