ईस्टरचे बूट

आमच्या बेटावर देवदूत मिखाईलला बूट वाहतात. तो सतत कुणाच्या ना कुणाच्या सोबतीला फिरत असतो, म्हणून बुटांचे तळ झिजतात, असं बायका सांगतात. वर्षाअखेरीस जुने बूट काढले की ते झिजलेले दिसतात, हे खरं. पण टेकडीवरच्या त्याच्या चॅपेलमध्ये ओल आहे, उंदीर आहेत, आणि कातडं काही अमर नसतं. माझं औषधांचं दुकान आहे. एवढं मला कळतं.

चॅपेलला कुलूप असतं आणि किल्ली एकच. दर वर्षी मिखाईलच्या सणाला, बूट बदलले की, ती नव्या घराकडे जाते. त्या वर्षी ती आमच्याकडे होती.

आमची मुलगी सेवास्ती गुरांची डॉक्टर. मार्चमधल्या एका सकाळी ती एकटीच होडी घेऊन समोरच्या ओसाड बेटावर शेळ्यांना इंजेक्शनं द्यायला गेली. दुपारी वारा फिरला. संध्याकाळी तटरक्षकांना होडी सापडली, उलटी. समुद्र असा खवळला होता की त्या बेटाला कुणाला लागताच येईना.

दुसऱ्या दिवशीही वारा पडला नाही. माझी बायको थेमेलिना पाय मोडल्यामुळे प्लास्टर घालून पलंगावर होती. दुपारी ती म्हणाली, "कपाटात मिखाईलचे नवे बूट आहेत. नेऊन ठेव."

"सणाला अजून आठ महिने आहेत."

"तोवर त्याने काय फाटक्या बुटांनी खडकांवर फिरायचं? जा म्हणते ना!"

"तो फिरत असता, तर..." मी बोलून गेलो.

"बोल की! लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय. तो आहे, पोथितोस. तुला दिसत नाही म्हणून काय तो घर सोडून गेला?"

मी कपाटातला वरचा खोका उचलला आणि टेकडी चढलो. चॅपेलमध्ये तेलाचा दिवा जळत होता. मेणाचा आणि ओल्या चुन्याचा वास येत होता. मिखाईलच्या चित्रासमोर मी बूट ठेवले. प्रार्थना मला येत नव्हती. मी म्हणालो, "तुझ्यावर विश्वास ठेवायला मला जमत नाही. पण ती एकटी असू नये. एवढंच मागतो." मग मला रडू आवरेना. बऱ्याच वेळाने कुलूप लावून मी खाली आलो.

"काळे बूट छान दिसले ना त्याच्यापुढे?" थेमेलिनाने विचारलं.

"काळे कुठले? तपकिरी होते. बक्कलवाले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अरे माणसा, ते आपल्या पोरीचे! ईस्टरसाठी घेतलेले. अजून पायातसुद्धा घातले नाहीत तिने. मिखाईलचे खालच्या खोक्यात होते." आधी ती हसली, मग उशीत तोंड खुपसून रडली. "सकाळी जा आणि बदलून ये."

सकाळी मी काळे बूट घेऊन गेलो. कुलूप तसंच होतं. दिवा तसाच जळत होता.

तपकिरी बूट मी ठेवले त्याच जागी होते. पण ओले होते. तळ पार झिजून आतलं कातडं दिसत होतं. एका बक्कलात काटेरी झुडपाची काडी अडकली होती.

मी बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट.

"उंदीर," मी मोठ्याने म्हणालो.

खिडकीला गज होते. त्यांतून माझा हातही गेला नसता. किल्ली रात्रभर माझ्या खिशात होती. मी काळे बूट शेजारी ठेवले. तपकिरी उचलायला वाकलो, पण हात पुढे जाईना.

तेवढ्यात खालून हाका आल्या. याकूमिस कोळी टेकडी चढत ओरडत होता, "पोथितोस! सापडली! जिवंत आहे पोरगी!"

वारा पडताच पहाटे त्याने होडी पाण्यात घातली होती. सेवास्ती ओसाड बेटाच्या पलीकडच्या टोकाला, शेळ्यांच्या जुन्या गोठ्यात, पाण्याच्या टाक्याजवळ बसलेली सापडली. मधला सगळा कडा तिने अंधारात कसा ओलांडला, ते त्याला कळत नव्हतं.

दवाखान्यात तिने माझा हात घट्ट धरला.

"पहिली रात्र कपारीतच पडून होते, बाबा. वाटलं, संपलं सगळं. काल संध्याकाळी उठले आणि चालत राहिले."

"अंधारात? पायात काही तरी होतं का?"

"बूट तर समुद्रातच गेले. अनवाणीच चालले. पण एकटी नव्हते."

"कोण होतं?"

"दिसलं नाही कुणी. शेजारी पावलं वाजत होती. मी थांबले की तीही थांबायची. घाबरायला हवं होतं ना? नाही वाटली भीती."

नर्सने तिच्या पायांवरची चादर बाजूला केली.

त्या बेटाचे दगड सुरीसारखे आहेत. शेळ्या राखणारेही तिथे अनवाणी पाय टाकत नाहीत. सेवास्तीच्या तळव्यांवर एकही ओरखडा नव्हता. फक्त दोन्ही टाचांच्या मागे पाण्याने भरलेला एकेक गोल फोड होता.

तसले फोड मी दुकानात नेहमी बघतो, ईस्टरच्या दिवसांत तर फारच. नवे बूट चावले की येतात ते.