सुलाबाईंच्या दारावरून गेलेली दोघं

हे कोणाला पटावं म्हणून लिहीत नाही. माझ्या बाबतीत घडलंय, आणि त्यातला एक माणूस अजून घरी आलेला नाही.

२ डिसेंबर २०२३, शनिवार. दुपारचे चार वाजले होते. नाशिकला पेठ रोडवर माझा धाकटा भाऊ सुयश राहतो, त्याच्या घरी आम्ही बसलो होतो.

मी, सुयश आणि त्याच्या कारखान्यातला मित्र सोमनाथ.

फरशीवर नकाशा पसरला होता. आम्हाला पाच दिवस पायी चालायचं होतं, सुरगाण्याकडच्या जुन्या तट्टांच्या वाटेने. पूर्वी त्या वाटेने मिठाच्या गोण्या लादलेली तट्टं घाट चढून यायची. डांबरी रस्ता झाला आणि वाट सुटली.

मुक्कामाची सोय करायला सोमनाथ एकेका पाड्यावर फोन लावत होता. पहिले दोन मुक्काम ठरले.

तिसऱ्या पाड्यावर सुलाबाईंच्या घरी राहायचं होतं. वाट त्यांच्या दारावरूनच जाते. फोन स्पीकरवर होता.

"पुढच्या आठवड्यात येतोय, मावशी. एक रात्र राहायचंय."

"आता कशाला इचारता?" त्या म्हणाल्या. "काल तर गेलात की तुमी इथून."

आम्ही हसलो.

"दुसरे कोणी असतील, मावशी."

"एक बाई होती, हिरवी ओढणी. न् एक उंच, चष्म्याचा. पाणी घ्या म्हनलं, तर वळून पन नाय बघितलं."

सुयशला चष्मा आहे. आणि चालताना घ्यायची म्हणून मी आणलेली हिरवी ओढणी अजून पिशवीतून काढलीही नव्हती.

"आम्ही तिघं आहोत," सोमनाथ म्हणाला.



"तिसरा नव्हता. मागं तट्टू होतं. घंटा वाजत व्हती. पाठीवर घोंगडीत गुंडाळलेलं कायतरी... लांबडं."

मग त्या हळूच म्हणाल्या, "हिकडं आता कोनाकडं तट्टू नाय, बाबा."

फोन ठेवल्यावर सुयशने नकाशाची घडी घातली.

"नको जायला."

सोमनाथ चिडला. "रजा मंजूर झालीय. एका म्हातारीच्या बोलण्यावर?"

"तिने दोघंच पाहिली, सोमनाथ," मी म्हणाले.

"म्हणूनच बघून येतो."

शुक्रवारी, आठ तारखेला, तो एकटाच मोटारसायकल घेऊन गेला. तिसऱ्या मुक्कामाच्या पुढची वाट बघायची आणि उजेड असतानाच परतायचं, असं ठरवून.

अकरा वाजता त्याचा मेसेज आला. गाडी सुलाबाईंच्या अंगणात लावली, चहा घेतला, त्या जाऊ नको म्हणतायत, पण तीनपर्यंत परत येतो.

दीड वाजता फोन आला. मी शिकवते त्या शाळेत होते. मधली सुट्टी संपत आली होती.

"ताई, चढावर आहे. मस्त वाट आहे. मागून कोणीतरी तट्टू घेऊन येतंय, बाजूला होतो."



"सोमनाथ, मागे फिर. आत्ता."



आणि मग मला ऐकू आलं...

घंटा.

खूर दगडावर पडल्याचा आवाज. त्याच्याबरोबर माणसांची पावलं. सगळं जवळ आलं... आणि थांबलं.

सोमनाथचा आवाज अगदी साधा होता. ओळखीचं कोणी दिसल्यावर होतो तसा.

"अरे... तुम्ही? कधी आलात?"

फोन कट झाला.

मी लावत राहिले, पुन्हा लागला नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही पाड्यावर पोचलो. गाडी अंगणातच होती. पोलीस, पाड्यावरची माणसं, आम्ही, सगळ्यांनी चार दिवस दऱ्या धुंडाळल्या. चप्पलसुद्धा मिळाली नाही. सुलाबाई दाराशी बसून असायच्या. त्या दिवशी घंटा ऐकली का, एवढंच मी विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

नंतर कळलं, माझ्यानंतर सोमनाथने त्याच्या आईला फोन केला होता. "सुयश आणि ताई भेटले. आता आम्ही तिघं पुढे जातो."

त्या वेळी सुयश ओझरला कारखान्यात कामावर होता. मी शाळेत. पोलिसांनी दोन्हीकडची हजेरी तपासली.

त्याच्या आईला, लंकाबाईंना, त्या हजेरीशी घेणंदेणं नाही. दर रविवारी त्या माझ्याकडे येतात. भांडत नाहीत. पाणी पितात आणि विचारतात, "माझ्या पोराला कुठं सोडलं, तेवढं सांग."

आधी मी सांगायचे, आम्ही तिथे नव्हतो, मावशी. आता गप्प बसते.

एक गोष्ट मी पोलिसांना सांगितली नाही. सुयशलाही नाही.

फोन कट होण्याआधी सोमनाथला उत्तर मिळालं होतं.

"चल... उशीर झाला."

आवाज बाईचा होता.

माझा होता.