मुठीतलं पाणी

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर, लतामावशीवर गुजरलेली आहे.

साल एकोणसत्तर. श्रावणातली दुपार. धुळ्याजवळचं, पांझरेकाठचं एक गाव.

मावशी तिथल्या शाळेत नवी शिक्षिका होती. आधीच्या कमलबाई गेल्या पावसाळ्यात पुरात वाहून गेल्या होत्या.

पोरं मात्र अजून त्यांचीच होती.

गाणी कमलबाईंची. पाढेही त्यांच्याच चालीवर. मावशीच्या जिवाची आग व्हायची. मेलेल्या बाईशी बरोबरी तरी कशी करायची?

त्या दिवशी तिनं पुराचा धडा घेतला.

"पाणी वाढलं की मी घंटा देईन. दप्तरं तिथंच टाकायची. एकमेकांचे हात धरायचे आणि थेट चावडीवर जायचं. चावडी दगडी आहे, पक्की आहे."

पुढं बसलेली छोटी धुरपदा म्हणाली, "चावडीवर नई, बाई. गढीवर. कमलबाई सांगस."

'सांगे' नाही... 'सांगस'. म्हणजे अजून सांगते.

"कमलबाई मेली!" मावशी ओरडली. "आता मी सांगेन तेच!"

वर्ग गप्प झाला. मावशीला बरं वाटलं. पाठ फिरवून ती फळ्यावर चावडीचं चित्र काढू लागली.

बाहेर लख्ख ऊन होतं.

मग जाणवलं... मागं श्वासाचाही आवाज नाही.

ती वळली.

वर्ग रिकामा.

दप्तरं जागच्या जागी. एक पाऊल वाजलं नव्हतं. घंटा झालीच नव्हती.

आणि नदीकडून घरघर ऐकू आली... वर साक्रीकडे कोसळलेला पाऊस लोंढा होऊन गावात शिरला होता.

मावशी चावडीकडं धावली. चावडी तिच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली.

ती किंचाळत मागं फिरली, गावाबाहेरच्या उंच गढीवर चढली.

वर सगळी पोरं. रांगेत, हात धरून. कोरडी ठणठणीत.

"कोणी आणलं रे तुम्हाला?"

"बाईनी घंटा वाजाडी ना."

मावशीनं धुरपदाला जवळ घ्यायला हात पुढं केला. पोरीनं अंग चोरलं.

"नका ना. मना हात बाईना हातमा शे."

तिचा एक हात, कोणाच्या तरी हातात दिल्यासारखा, हवेत होता. मूठ वळलेली...

त्या मुठीतून पाणी ठिबकत होतं.

पोरं वाचवली म्हणून पुढं गावानं मावशीला साडी-नारळ दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण सगळी बघत होती मावशीच्या शेजारी...

तिथं कोणीच नव्हतं.

मावशीनं पाचोऱ्याला बदली करून घेतली. आजही विषय निघाला की ती दाराकडं बघत हळूच बोलते.

"भीती नाही रे वाटत तिची. पण मी जिवंत होते ना तिथं? मग मेल्यावरही तिनंच का?"