दोराचं दुसरं टोक

"माझ्या बाबांना काकानं मारलं," एवढं बोलून तपासासाठी आलेली ती मुलगी रडायला लागली.

मावशीनं तिला रडू दिलं. मावशी खासगी तपासाची कामं करायची, आणि रडणाऱ्या माणसाला मधेच अडवू नये, हा तिचा नियम होता. भाच्याला तो कधीच जमला नाही. पाण्याचा पेला घेऊन तो पुढे झालाच. भाचा म्हणजे मावशीचा ड्रायव्हर, सोबती आणि चाळिशी उलटली तरी तिची बोलणी खाणारा हक्काचा माणूस.

हकिगत अशी. तलावाकाठच्या घरात या मुलीचे आईबाबा दोघंच राहत. आईला विस्मृतीचा आजार. सकाळचं दुपारी आठवत नसे. बाबांनी उतारवयात एकाएकी जुनी छोटी मोटरबोट बाहेर काढली. मागे दोर बांधून हवेच्या ट्यूबवर बसलेलं किंवा स्कीच्या फळ्यांवर उभं राहिलेलं माणूस ओढता येईल, अशी ती तयार करून घेतली. चार दिवसांपूर्वी ती बोट लव्हाळ्यात अडकलेली सापडली, आणि बाबा पाण्यात. पोलीस म्हणाले, एकटेच बोट तपासत होते, तोल गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

"आणि काका?"

"आदल्या दिवशी दोघं कडाकडा भांडले. मी फोनवर होते. काका ओरडला, 'तुझ्या हट्टापायी जीव जाईल एखाद्याचा!' आता विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी."

"त्या दिवशी तू घरी पोचलीस, तेव्हा आई काय करत होती?"

"टेबलाशी बसली होती, दोन कप मांडून. केस ओले. वर्षभरात पहिल्यांदा आपली आपण आंघोळ केली होती तिनं. म्हणाली, चहा गार होतोय, त्यांना हाक मार."

मावशीनं पदर खोचला आणि भाच्याला गाडी काढायला सांगितली.

बोट आता घराजवळच्या धक्क्याला बांधलेली होती. ती तयार करणारा मेकॅनिक हात पुसत पुढे आला.

"हा मधला खांब मी बसवला. दोर याला अडकवला की ओढ मधोमध येते, बोट वळवताना अडत नाही. हा आरसा, मागचं माणूस दिसायला. दोन लाइफ जॅकेटं, एक मोठं, एक लहान. मी म्हटलं, साहेब, पाहुण्यांना ट्यूबच बरी. बसलं, धरलं, झालं! तर म्हणाले, ट्यूब नंतर, आधी स्की. ज्याला येतं त्याला शिकवावं लागत नाही."

"त्यांना स्वतःला यायचं?"

"छे हो. गुडघा कामातून गेलेला त्यांचा."

"बोट सापडली तेव्हा इंजिन?"

"बंद. किल्लीनं बंद केलेलं. दोर सगळा सोडलेला, त्याच्या टोकाची धरायची मूठ पाण्यावर तरंगत होती." त्यानं एक लाल, वेटोळी दोरी दाखवली. "हिचं एक टोक इंजिनाला, एक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की ही निसटते आणि इंजिन आपोआप थांबतं. पण ही इंजिनालाच होती. मनगटाचं टोक आकड्याला नीट अडकवलेलं."

"घालायला विसरले असतील," भाचा म्हणाला.

"ते? बोट धक्क्याला बांधलेली असली तरी घालायचे!"

मोठं जॅकेट सीटवर सापडलं होतं. लहान मिळालंच नव्हतं. स्कीच्या फळ्या लव्हाळ्यात मिळाल्या. मावशीनं चप्पल काढून फळीवरच्या रबरी खोबणीत पाय घालून पाहिला. टाच बाहेर राहिली.

"तुझा घाल रे."

"माझा पाय म्हणजे होडी आहे, मावशी. त्यात फळी बसेल."

मावशी हसली नाही.

काका आपल्या घराच्या पायरीवर बसून होते. दाढी वाढलेली. "भांडणाबद्दल मी बोलणार नाही," ते म्हणाले.

"नका बोलू. तुमचे दादा बोट कशी चालवायचे, तेवढं सांगा."

काकांचा चेहरा सैलावला. "वाईट! तरुणपणी आम्ही याच तलावावर बोटी चालवायचो. दादा समोर कमी आणि मागे जास्त बघायचा. एकदा थेट धक्क्यावर नेऊन आपटली. पण त्यापायीच तर लग्न जमलं गड्याचं." ते हसले, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी पंच्यात तोंड लपवलं.

तिथून दोघं तलावाकाठच्या घरी गेली; लेक आईजवळच राहायला आली होती. आईनं हसून स्वागत केलं, कोण कुठले न विचारता. कप ती बोटांच्या टोकांनी धरत होती. दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी, लाल फोड आले होते.

"तवा लागला असेल," लेक हळूच म्हणाली.

"हात दुखतात का हो?" मावशीनं विचारलं.

"खांदे भरून आलेत. कशानं, कोण जाणे."

परसातल्या दोरीवर, खांद्यांना चिमटे लावून, लहान लाइफ जॅकेट वाळत घातलं होतं.

"बाबांनीच धुतलं असेल," भाचा म्हणाला.

"कधी?" एवढंच मावशी म्हणाली. ती धक्क्याकडे निघाली. जाताना तिनं लेकीला बरोबर घेतलं आणि काकांना बोलावणं धाडलं. ते येताच लेकीनं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"दोराला दोन टोकं असतात," मावशीनं सुरुवात केली. "सगळ्यांनी बोटीकडचंच टोक पाहिलं. तुझे बाबा बोटीतून पडले नाहीत, पोरी. पडले असते तर त्या लाल दोरीनं इंजिन थांबलं असतं. त्यांनी किल्ली फिरवली, मनगट सोडवलं, जॅकेट काढलं, मग पाण्यात उतरले. असं माणूस केव्हा करतं? पाण्यात दुसरं कुणी असेल आणि त्याच्यापर्यंत झटकन पोचायचं असेल तेव्हा."

"दुसरं कोण?"

"दोर सगळा सोडलेला होता, म्हणजे मागे कुणीतरी होतं. स्कीची खोबणी लहान पायाची. जॅकेट लहान, आणि ते वाळतंय तुमच्याच परसात. तव्यानं भाजलं तर एक हात भाजतो. दोन्ही तळहातांवर एका रेषेत फोड येतात ते मूठ आवळून. खांदे भरून येतात ते ओढीनं. आणि तुझे बाबा तरुणपणी मागे वळून वळून कुणाला बघायचे, म्हणून लग्न जमलं?"

लेकीनं मान वळवून घराकडे पाहिलं.

"नावं, दिवस सगळं पुसलं गेलं होतं तिचं. पण पाण्यावर उभं राहणं अंगात होतं. तेवढं तरी तिला परत द्यावं, म्हणून त्यांनी बोट सजवली. ती उभी राहिली असणार. मग पडली. पाण्यात आपण का आहोत हेच तिला कळेना, घाबरली असेल. म्हणून त्यांनी उडी घेतली. हृदयानं दगा दिला. जॅकेटनं तिला तरंगत ठेवलं. ती काठाला लागली, घरी गेली, न्हाली, जॅकेट वाळत घातलं, चहा ठेवला. तोवर तिच्या मनातून सगळं गेलं होतं."

"काका, तुला ठाऊक होतं?"

"वहिनीला पाण्यावर नेऊ नको म्हणूनच भांडलो होतो. परसात ते जॅकेट दिसलं तेव्हा कळलं," काका म्हणाले. "तुला काय सांगू? तुझ्या आईला वाचवताना गेला म्हणून? तू तिच्याकडे पूर्वीसारखं बघू शकली असतीस? माझ्यावर राग धरलास, तो परवडला. तुझा राग माझ्या लक्षात तरी राहतो. तिला कुणी काही सांगितलं, तर ती दर वेळी नव्यानं विधवा होईल, बाळा."

लेक वळली आणि काकांच्या खांद्यावर कोसळली. भाच्यानं या खेपेला पाणी आणलं नाही.

घराचं दार उघडून आई धक्क्यापर्यंत चालत आली होती. तिनं लेकीचे डोळे पुसले.

"रडतेस काय अशी? घाबरलीस?" ती म्हणाली. "अगं, पडलं की हातपाय मारायचे नाहीत. नुसतं तरंगत राहायचं. मी पडले की ते बोट वळवून येतातच."

लेकीनं आईचा हात धरला.

"हो गं," ती म्हणाली. "येतातच."

दोघी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसल्या, पाण्याकडे तोंड करून.